टॅपिरची पिल्ले वाढवून जंगलात सोडली, तर प्रश्न सुटेल का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेलेल्या टॅपिर मादीचे पट्टेदार पिल्लू एका केंद्रात बाटलीने दूध पीत असल्याची चित्रफीत आपण पाहिली आणि त्यावरून तीन गोष्टी विचारल्या आहेत. एवढा धिप्पाड, कोणाच्या वाटेला न जाणारा, झाडपाल्यावर जगणारा प्राणी संख्येने का घटत आहे? अशी पिल्ले केंद्रांत वाढवून जंगलात सोडत राहिले, तर प्रश्न सुटणार नाही का? आणि ज्याचे कूळ कोट्यवधी वर्षे टिकून राहिले, तो प्राणी याही संकटातून आपला आपण का तरून जाणार नाही? मी वन्यजीव-अभ्यासक आहे. टॅपिरांच्या मागावर आधी मलेशियाच्या द्वीपकल्पात आणि पुढे ब्राझीलमध्ये बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

या तिन्हींच्या तळाशी खरा प्रश्न एकच आहे, असे मला वाटते: टॅपिर कमी होतात ते पुरेशी पिल्ले जन्मत नाहीत म्हणून, की मोठे टॅपिर वेळेआधी मरतात म्हणून? चित्रफितीत पिल्लू दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष पिल्लावर जाते. माझे लक्ष रस्त्यावर पडलेल्या आईकडे जाते, आणि त्यामागे एक साधा हिशेब आहे.

टॅपिरची मादी सुमारे १३ महिने गाभण असते. एका वेळी एकच पिल्लू होते. जुळे अगदीच विरळा. पहिले काही दिवस आई त्याला दाट झुडपात दडवून स्वतः चरायला जाते, मग ते तिच्या मागोमाग फिरू लागते आणि वर्ष-दीड वर्ष तिच्याच सोबत राहते. त्यामुळे सगळे सुरळीत चालले, तरी दोन वेतांत दोन वर्षांचे अंतर पडते आणि रानात ते बहुधा त्याहून जास्तच असते. मादी स्वतः वयात येण्यात तीन-चार वर्षे जातात. ससा किंवा रानडुक्कर एका वाईट वर्षाची भरपाई पुढच्या वर्षी करून टाकतो. टॅपिरला ती सोय नाही.

समजा, जंगलाच्या एका तुकड्यात दहा प्रौढ माद्या आहेत. (पुढचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते कुठल्या एका जंगलाचे नाहीत.) दोन वर्षांत एक पिल्लू, म्हणजे सगळ्या मिळून वर्षाला पाच पिल्ले, त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर अडीच. त्यांतल्या निम्म्या वयात येईपर्यंत जगल्या, तर दर वर्षी सव्वा नवी मादी हाती लागते. म्हातारपण, आजारपण आणि जग्वारसारखे शिकारी प्राणी मिळून दहांपैकी पाऊणच्या आसपास मादी वर्षाला जाते, असे मानू. जमा सव्वा, खर्च पाऊण, शिल्लक अर्धी. आता त्या तुकड्याच्या कडेने महामार्ग गेला आणि वर्षाला फक्त एक मादी गाडीखाली आली. खर्च पावणेदोन झाला आणि शिल्लक उणे अर्धी. पुढे माद्या घटतात तसतशी पिल्लेही घटतात, पण गाडी मात्र वर्षाला एक घेतेच, त्यामुळे उतार दर वर्षी अधिक तीव्र होतो आणि पंधराएक वर्षांत तो तुकडा रिकामा होतो. एवढ्या काळात एकही झाड तुटलेले नसते. नकाशावर जंगल जसेच्या तसे हिरवे असते आणि म्हणूनच ही घसरण कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा हिशेब मांडल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. टॅपिरबद्दलच्या कुठल्याही उपायाकडे पाहताना मी आधी एवढेच विचारतो, की याने प्रौढ माद्यांचे मरण किती कमी होईल. पण त्याचे उत्तर जागेप्रमाणे पार बदलते, म्हणून आधी कोणता टॅपिर आणि कोठला, हे ठरवावे लागते.

आज टॅपिरच्या चार जाती सर्वसाधारणपणे मानल्या जातात. २०१३ मध्ये 'काबोमानी' या नावाने पाचवी जात मांडली गेली होती, पण जनुकीय पुराव्यांवरून ती वेगळी जात ठरत नाही, असेच बहुतेकांचे मत आहे आणि माझेही तेच आहे. सखल प्रदेशातला टॅपिर व्हेनेझुएलापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत पसरलेला आहे. ब्राझीलमध्ये त्याला 'अंता' म्हणतात. (एखाद्या माणसाला 'अंता' म्हणणे म्हणजे त्याला मठ्ठ म्हणणे, ज्याने हा प्राणी रात्री चिखलातून निसटताना पाहिला आहे, त्याला हे पटणे कठीण.) बेअर्डचा टॅपिर दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत आढळतो, तर एल साल्वादोरमधून तो केव्हाच नाहीसा झाला आहे. डोंगरी टॅपिर कोलंबिया, इक्वेडोर आणि उत्तर पेरू येथील अँडीज पर्वतात राहतो. अंगावर लोकरीसारखे केस आणि ओठांना पांढरी कड, ही त्याची खूण. चौथा मलायी टॅपिर आशियातला एकमेव. तो म्यानमार आणि थायलंडचा दक्षिणेकडचा भाग, मलेशियाचे द्वीपकल्प आणि सुमात्रा एवढ्याच पट्ट्यात उरला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सखल प्रदेशातला टॅपिर 'असुरक्षित' गटात आणि बाकीचे तिन्ही 'संकटग्रस्त' गटात आहेत. डोंगरी आणि मलायी या दोन्ही जातींचे प्रौढ प्राणी प्रत्येकी अडीच हजारांहून कमी असावेत, असा अंदाज आहे.

हा प्राणी डुकराचा किंवा हत्तीचा नातलग नाही. त्याची जवळची भावकी गेंडा आणि घोडा यांच्याशी आहे. पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन खूर. ओल्या मातीत मात्र आपल्याला बहुतेक वेळा तीनच बोटे दिसतात, कारण मागचा पाय पुढच्याच ठशावर पडतो आणि पुढच्या पायाचे चौथे बोट वर असल्याने ते चिखल मऊ असला तरच उमटते. कामाच्या पहिल्या वर्षी मला एका ओढ्याकाठी सलग आठवडाभर ताजे ठसे मिळत गेले आणि येथे पाच-सहा टॅपिर असावेत, असे मी वहीत ठामपणे लिहून टाकले. नंतर कॅमेरे लावले, तर तेथे फिरणारी ती एकच मादी होती. उजव्या कानाचा टोकाचा तुकडा गेलेला, म्हणून तिला ओळखता आले. ठसे भरपूर म्हणजे प्राणी भरपूर, ही समजूत मी त्या वर्षी सोडली. जंगलातल्या वाटाड्यांनाही ती सोडायला लावताना पुष्कळ वाद झाले.

टॅपिर प्रत्यक्ष पाहायचा, तर खनिज चाटणापाशी जाऊन बसावे लागते. जमिनीतून क्षार वर येणाऱ्या या जागा मलायी टॅपिरला फार प्रिय आहेत. अशा एका चाटणापाशी मचाणावर बसलो असताना मला आधी टॅपिर दिसला नाही, ऐकू आला. बारीक, उंच, पक्ष्याने घातल्यासारखी शीळ. एवढ्या देहातून असा आवाज निघतो, यावर पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. मग अंधारात एक पांढरा डाग सरकला. मलायी टॅपिरचा पुढचा भाग आणि पाय काळे, मधले अंग पांढरे. चंद्रप्रकाशात ही रंगसंगती प्राण्याची आकृतीच मोडून टाकते आणि आपल्याला प्राणी न दिसता नुसता एक फिकट खडक दिसतो. त्याने सोंडेसारखे नाक वर करून वारा हुंगला, वरचा ओठ मागे दुमडला, पाचेक मिनिटे तसाच उभा राहिला आणि मगच खाली उतरला. टॅपिरची नजर बेताची असते. तो जगतो नाकाने आणि कानाने. रस्त्याच्या संदर्भात ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

पाणी हा त्याच्या जगण्याचा दुसरा आधार. तो उत्तम पोहतो, पाण्याच्या तळाशी चालतो, जग्वार मागे लागला तर सरळ नदीत उतरतो आणि पुष्कळदा विष्ठाही पाण्यातच टाकतो. ब्राझीलमधल्या पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशातल्या काही टॅपिरांच्या पाठीवर जग्वारच्या नख्यांचे जुने वण पाहायला मिळतात, म्हणजे झडप घातलेला प्रत्येक टॅपिर मरतोच असे नाही. मानेवरची जाड कातडी आणि झुडपात मुसंडी मारून घुसण्याची ताकद या दोन्ही गोष्टी त्याला वाचवतात. मात्र याच मानेने आम्हांला छळले आहे. टॅपिरचे डोके मानेपेक्षा निमुळते असते, त्यामुळे रेडिओ कॉलर सैल बांधली की ती डोक्यावरून निसटून चिखलात पडते आणि घट्ट बांधली, तर जखम होते. महिनाभर खपून एक प्राणी पकडावा आणि तिसऱ्या दिवशी नुसती कॉलर झुडपातून उचलून आणावी, हा प्रसंग या कामात कोणालाच चुकलेला नाही.

अशा चिकाटीच्या कामाचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्राझीलच्या संशोधक पात्रिसिया मेदिसी यांनी १९९६ मध्ये ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात, मोर्रो दो दियाबो या राखीव उद्यानात सुरू केलेला आणि नंतर पांतानाल व सेराडो (विरळ झाडांचा गवताळ मुलूख) या प्रदेशांपर्यंत वाढवलेला अभ्यास. तेथे ७४ टॅपिरांच्या हालचालींच्या नोंदींतून असे दिसले, की एका टॅपिरचे संचारक्षेत्र सरासरी आठ चौरस किलोमीटरच्या आसपास असते, आणि माणसाचा वावर जास्त असलेल्या भागातही त्याची चाल फारशी बदलत नाही. हे निरीक्षण दिलासा देणारे वाटते, पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक खुपते. शेत आले, कुंपण आले, डांबरी रस्ता आला, तरी टॅपिर आपली जुनी वाट धरूनच चालतो. वाट बदलून धोका टाळणे त्याच्या स्वभावात फारसे नाही.

आता मरणाची कारणे जागेप्रमाणे पाहू. ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल या राज्यात, जेथे पांतानाल आणि सेराडो दोन्ही येतात, तेथे महामार्ग हे एक मोठे कारण आहे. काळपट अंग, बेताची नजर, रात्रीची वेळ आणि दिव्यांच्या झोतात जागच्या जागी थबकण्याची सवय असा सगळा योग जुळून येतो. दोनशे किलोंचा प्राणी गाडीवर आदळतो, तेव्हा माणसेही दगावतात आणि तशी ती दगावली आहेत. सेराडोत त्यात शेतीची भर पडते: तेथील टॅपिरांच्या शरीरात कीटकनाशकांचे आणि धातूंचे अंश आढळले आहेत. मलेशियातही रस्त्यावरचे मृत्यू नेहमीचे झाले आहेत, कारण सखल जंगलाचे तेलताडाच्या मळ्यांमुळे तुकडे झाले आणि टॅपिर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना रस्त्यावर येतो. डुकरासारखा दिसतो म्हणून तेथील बहुसंख्य मुस्लिम समाज त्याचे मांस खात नाही आणि ही गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली आहे. पण रानडुकरासाठी, हरणासाठी किंवा वाघासाठी लावलेल्या तारेच्या फासाला हा भेद कळत नाही. सुमात्रामध्येही हीच कथा आहे. फासात अडकलेला पाय सोडवण्याच्या कामात मी दोनदा होतो. दोन्ही वेळा तार हाडापर्यंत गेली होती. त्यातला एक टॅपिर वाचला, दुसरा वाचला नाही.

मध्य अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे होंडुरासमधील रिओ प्लातानो किंवा निकाराग्वामधील बोसावास आणि इंदिओ माइस यांसारख्या राखीव क्षेत्रांतच बेकायदा गुरचराईसाठी जंगल कापले जाते, आणि कुरणापाठोपाठ बंदूक व शिकारी कुत्री येतात. अशा ठिकाणी रस्त्याखालच्या भुयारी मार्गावर पैसे खर्च करण्याला अर्थ नाही. तेथे जंगलाची हद्द राखणारे माणूसबळच हवे. डोंगरी टॅपिरची अडचण आणखी निराळी. तो दोन हजार मीटरपासून चार हजार मीटरच्याही वर, ढगाळ जंगल आणि पारामो नावाची उंचावरची गवताळ रानं यांत राहतो. खालून गुरे, बटाट्याची शेते आणि खाणी वर चढत आहेत, तापमान वाढते तसा त्याला योग्य असलेला पट्टाही वर सरकत आहे आणि डोंगराला शेवटी माथा असतो.

म्हणजे 'टॅपिर का घटतो' याला एकच एक उत्तर नाही. कारण कोणतेही असो, त्याची वसुली प्रौढ प्राण्यांकडून होते, एवढे मात्र सगळीकडे खरे आहे.

आता पिल्ले वाढवून सोडण्याचा आपला मुद्दा. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे नीट पाहावे लागते. ज्या जंगलात मादी गाडीखाली मेली, तेथेच तिचे पिल्लू वाढवून पुन्हा सोडायचे आणि रस्ता होता तसाच ठेवायचा, हे गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे. वरच्या हिशेबात दर वर्षी एक मादी बाहेरून आणून टाकली, तर शिल्लक पुन्हा अधिक होते खरी. पण एक टॅपिर वाढवायला तीन-चार वर्षे लागतात, त्याला दूध, वैद्य, प्रशस्त आवार आणि पोहायला पाणी लागते, आणि बाटलीवर वाढलेला टॅपिर माणसाला घाबरत नाही. जो माणसाला घाबरत नाही, तो वस्तीकडे जातो, आणि वस्तीजवळचा टॅपिर फार दिवस टिकत नाही. शिवाय चाटण कोठे, उन्हाळ्यात न आटणारा डोह कोठे, कोणत्या उतारावरून पळायचे, हे पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईच्या मागे फिरून शिकत असते. ते त्याला आवारात कोणी शिकवू शकत नाही.

याउलट, जेथे टॅपिर पूर्णपणे नाहीसा झाला आहे आणि ज्या कारणाने नाहीसा झाला ते कारण आता उरलेले नाही, तेथे पुनर्स्थापना हाच योग्य मार्ग आहे. रिओ दि जानेरो राज्यात शतकाहून अधिक काळ रानटी टॅपिर नव्हता. २०१७-१८ मध्ये तेथील ग्वापियासू राखीव क्षेत्रात बंदिवासात जन्मलेले टॅपिर आणून, आधी जंगलातल्याच आवारात रुळवून मग सोडण्यात आले, आणि पुढे तेथे उघड्या जंगलात पिल्लेही जन्मली. हे जमले, कारण तेथे राखलेले जंगल होते, शिकारीवर लक्ष होते आणि सोडल्यानंतरही त्यांच्या मागे माणसे फिरत होती. सोडण्याचा दिवस हा अशा कामाचा पहिला दिवस असतो. बातमीत तो शेवटचा म्हणून छापला जातो, ही माझी जुनी तक्रार आहे.

याच ओघात एक सावधगिरी. रानात एकटे पडलेले पट्टेदार पिल्लू दिसले, म्हणून ते अनाथ आहे असे धरू नये. ते पट्टे आणि ठिपके म्हणजे पानांतून झिरपलेल्या उन्हाची नक्कल असते. पिल्लू निपचित पडले, की दोन पावलांवरूनही दिसत नाही. आई बहुधा जवळच चरत असते. चांगल्या हेतूने उचलून आणलेली पिल्ले मी पाहिली आहेत. अशा वेळी आम्ही पहिले काम करतो ते पिल्लू तत्काळ जागेवर नेऊन ठेवण्याचे आणि लांबून रात्रभर वाट पाहण्याचे. आई मेल्याची खात्री असेल, तरच पुढचा विचार.

कोट्यवधी वर्षे टिकल्याबद्दल आपण लिहिले आहे, त्यावर थोडक्यात. टॅपिराच्या कुळाचे जीवाश्म आज जेथे एकही टॅपिर नाही अशा युरोपात, उत्तर अमेरिकेत आणि चीनमध्येही सापडतात. म्हणजे कूळ टिकले हे खरे, पण त्याच्या कित्येक शाखा गळून गेल्या, आणि उत्तर अमेरिकेतले टॅपिर तर गेल्या हिमयुगाच्या अखेरीस, म्हणजे भूशास्त्राच्या दृष्टीने काल-परवाच नाहीसे झाले. जे टिकले, त्यांनी हवामान बदलेल तसे जंगलासोबत सरकत जाऊन दिवस काढले. आज सरकायचे म्हटले, तर मध्ये मळा आहे, कुरण आहे किंवा चौपदरी रस्ता आहे. संथ प्रजनन ही तेव्हा खोट नव्हती. मोठा, दीर्घायुषी आणि शिकाऱ्यांना सहसा न सापडणारा प्राणी थोडी पिल्ले देऊन निभावून नेतो. मोठ्यांचे मरण वाढले, की तोच गुण अंगाशी येतो.

आपण विचारले नसले, तरी टॅपिर गेला तर जंगलाचे काय, हा प्रश्न यामागे असतोच. त्याला 'जंगलाचा माळी' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते विशेषण थोडे सैल वाटते. कोस्टा रिकात डॅनियल जॅन्झेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की बेअर्डच्या टॅपिरने खाल्लेल्या ग्वानाकास्ते वृक्षाच्या बियांपैकी पुष्कळशा त्याच्या पोटातच नष्ट होतात. म्हणजे काही झाडांच्या बाबतीत हा माळी बियाणेच खाऊन टाकतो. दुसऱ्या बाजूला, ब्राझीलच्या माराका बेटावर होझे फ्रागोसो यांना एका ताडाच्या बिया टॅपिरच्या विष्ठेच्या ढिगांतून मूळ झाडापासून दोन किलोमीटरपर्यंत गेलेल्या आढळल्या. झाडाखालीच पडलेल्या बिया भुंगेरे पोखरतात; दूर नेलेल्या पुष्कळशा त्यांतून सुटतात. पुढे ॲमेझॉनच्या दक्षिण कडेला, मातो ग्रोसोमध्ये झालेल्या अभ्यासात टॅपिर जळालेल्या आणि विरळ झालेल्या जंगलात धडधाकट जंगलाच्या तिपटीहून अधिक बिया टाकतो, असे दिसले. मी स्वतः विष्ठा चाळणीत धुऊन बिया वेचण्यात अनेक दुपारी घालवल्या आहेत. घोड्याच्या लिदीसारखा तो गोळा पाण्यात फुटला, की आधी तंतू वाहून जातात आणि तळाशी बियांचा थर राहतो. काही अखंड, काही दातांनी फुटलेल्या, तर काहींना तेवढ्यातच कोंब फुटलेला. टॅपिर कोणत्या झाडाला मदत करतो आणि कोणत्याला नाही, हे त्या चाळणीत पाहूनच ठरवावे. एवढ्या मोठ्या बिया गिळून एवढ्या लांब नेणारे दुसरे प्राणी त्या जंगलांत फार थोडे उरले आहेत, हे मात्र निर्विवाद.

मग करावे काय? रस्ता हे कारण असेल, तर आधी मृत्यूंची नोंद ठेवावी: कोणत्या किलोमीटरला, कोणत्या महिन्यात, नर की मादी. माझा अनुभव असा, की मृत्यू सगळ्या रस्त्यावर सारखे विखुरलेले नसतात. ओढा जेथे रस्ता ओलांडतो, तेथे ते साचतात. तेथेच पुलाची मोरी थोडी उंच आणि रुंद केली आणि तिच्याकडे वळवणारे कुंपण दोन्ही बाजूंना घातले, तर टॅपिर ती वाट घेतो, कारण तो तसाही पाण्याच्या कडेनेच चालत असतो. मलेशियात तेरेंगानू राज्यात जंगलातल्या रस्त्याला उंच खांबांवरच्या पुलावरून नेले आहे आणि त्याखालून हत्ती व टॅपिर जात असल्याची नोंद कॅमेऱ्यांनी केली आहे. नुसते कुंपण मात्र घालू नये. त्याने मरण थांबते, पण जंगलाचे दोन तुकडे कायमचे वेगळे होतात. रात्रीची वेगमर्यादा कागदावर स्वस्त आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा कोणी नसेल, तर तिचा उपयोग शून्य. फास हे कारण असेल, तर फास शोधून काढणारी पायी गस्त, तीही वर्षभर. गुरे हे कारण असेल, तर काम जंगलापेक्षा जमिनीच्या मालकीहक्कांचे अधिक असते, आणि ते वन्यजीव-अभ्यासकाच्या आवाक्याबाहेरचे आहे हे मान्य करून त्या विषयातल्या माणसांना सोबत घ्यावे.

आपल्या चित्रफितीतले पिल्लू सहा महिन्यांच्या सुमारास पट्टे टाकून देईल आणि वर्षभरात आईएवढे दिसू लागेल. त्याला वाचवणाऱ्यांनी योग्यच केले. जिवंत पिल्लू समोर असताना कोणी हिशेब मांडत बसू नये. पण त्या केंद्राला आपण मदत पाठवणार असाल किंवा पत्र लिहिणार असाल, तर त्याची आई कोणत्या रस्त्यावर, कितव्या किलोमीटरला मेली, त्याआधी त्याच जागी आणखी किती टॅपिर मेले होते आणि त्यानंतर तेथे रस्त्यावर काय बदल झाला, हे अवश्य विचारा. उत्तर आले, तर येथे कळवा. त्या जागेसाठी मोरी बरी की उंच पूल, हे मग नकाशा समोर ठेवून सांगता येईल.